पडीक वरकस जमिनीवर कॅम्पर उभा करून राहायचं आहे (कर्जत तालुका, रायगड). तयारी कुठून सुरू करावी?

कन्नमवारनगर
नमस्कार मंडळी. आम्ही विक्रोळीला राहतो. यजमान पुढच्या वर्षी निवृत्त होतील. सासऱ्यांकडून आलेली ३२ गुंठे जमीन कर्जत तालुक्यात आहे, यजमान आणि धाकटे दीर दोघांच्या नावावर. जमीन वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी, उताराची. पूर्वी नाचणी-वरी व्हायची, आता गवत, करवंदाच्या जाळ्या, ऐनाची काही झाडं आणि पश्चिमेच्या बांधाला एक जुना आंबा. खालच्या अंगाला दुसऱ्यांची भातखाचरं आहेत. वीज नाही, पाणी नाही, गाडीरस्ताही नाही. गावच्या डांबरी रस्त्यापासून साधारण २०० फूट बांधावरून चालत जावं लागतं.

शेतघर बांधायचं मनात होतं, पण चौकशी केली तर ४० गुंठे लागतात असं कळलं. म्हणून टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेला कॅम्पर घ्यायचा आणि नोव्हेंबर ते मे तिथे राहायचं, असा विचार आहे. पावसाळ्यात विक्रोळी. जमिनीची खूप ओढ आहे आम्हाला दोघांनाही, पण शेतीचा अनुभव नाही. जमीन आधी कशी तयार करावी? काय आधी, काय नंतर?

सातबारा_वाचक
ताई, सगळ्यात आधी कागद. जेसीबी त्यानंतर.

१) ताजा सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा. भोगवटादार वर्ग १ आहे की २ (वर्ग २ च्या जमिनीवर सरकारी अटी असतात), इतर हक्कात काय लिहिलंय ते वाचा. इतर हक्कात कुळाचं नाव, बँकेचा बोजा किंवा वनविभागाची नोंद असेल तर ती निस्तरल्याशिवाय एक पैसाही जमिनीत घालू नका. ठाणे-रायगडमधल्या डोंगरकडेच्या बऱ्याच जमिनींना १९७५ च्या खाजगी वने कायद्याचं शेपूट लागलेलं असतं. जुने फेरफार मागवून बघा.

२) भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. पडीक जमिनीचे बांध सरकलेले असतात आणि ते कुणाच्या लक्षात नसतं. मोजणी झाली की दगड पुरून घ्या आणि त्या दिवशी लगतचे शेतकरी हजर असतील असं बघा.

३) दिरांची लेखी संमती. जमीन सामाईक आहे, प्रेमाचं नातं असलं तरी कागद हवा.

४) ४० गुंठ्यांचं तुम्हाला जे कळलं ते बरोबर आहे. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात शेती विभागात शेतघरासाठी ०.४ हेक्टर लागतं. पण म्हणून कॅम्पर ही पळवाट समजू नका. चाकं काढली, खाली जोतं बांधलं, पडवी जोडली, की ते वाहन राहत नाही आणि बिनशेती वापराचा प्रश्न येतो. गाडी गाडीच राहू द्या: नोंदणी, विमा, फिटनेस चालू, चाकं जमिनीवर. आणि जमिनीत शेती दिसली पाहिजे. तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा.

दादरचा_प्रवासी
राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलंय ना? त्यात नोंदणी केली तर?

सातबारा_वाचक
ते धोरण पर्यटन व्यवसायासाठी आहे, कॅराव्हॅन भाड्याने देणारे आणि कॅराव्हॅन पार्क चालवणारे यांच्यासाठी. ताईंना पाहुणे ठेवायचे नाहीत, स्वतः राहायचं आहे. उद्या व्यवसाय करायचा ठरलं तर पर्यटन संचालनालयात चौकशी करावी.

भातवाला_कर्जत
मी याच तालुक्यातला, भातशेती आहे. शहरातून येणाऱ्या माणसाला इथे कोणी नाही म्हणत नाही. पण येणारा माणूस पहिल्या दिवशी जेसीबी घेऊन येतो आणि तिथेच बिघडतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रस्ता: ते २०० फूट कुणाच्या बांधावरून जातात ते आधी बघा. पायवाट असणं वेगळं आणि गाडीवाट असणं वेगळं. ज्यांचा बांध आहे त्यांच्या घरी जा, यजमानांनाही न्या. सासऱ्यांचं नाव सांगा, जुनी माणसं ओळख ठेवून असतात. गोडीने जमलं तर साध्या कागदावर न थांबता संमती नोंदवून घ्या. नाहीच जमलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो, पण त्या वाटेने गेलात तर रस्ता मिळेल आणि शेजार जाईल. तिथे एकटं राहायचं असेल तर शेजार जास्त मोलाचा.

पाणी: वरकसचं पाणी उतरून खालच्या खाचरात येतं. पहिल्या खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. तुम्ही वर सपाटीकरण केलंत, चर मारून पाणी भलतीकडे वळवलंत, तर खालच्याची लावणी अडेल. किंवा एकदम लोंढा आला तर त्याचा बांध फुटेल आणि खाचरात मुरूम भरेल. खाचरात एकदा मुरूम गेला की ती माती पुन्हा भाताची करायला वर्षं जातात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आग: हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी उन्हाळ्यात राब भाजतात. गवत, पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात. वारा फिरला की ठिणगी वरकसच्या वाळलेल्या गवतात जाते. शिवाय डोंगराला वणवे लागतातच. तुम्ही नेमक्या त्याच महिन्यांत तिथे असणार. गाडीभोवती चारी बाजूंनी किमान २० फूट गवत खरवडून जाळरेषा ठेवा आणि ती मे अखेरपर्यंत राखा. दिवाळीनंतर गवत कापून न्यायला गावातल्या गुरंवाल्यांना सांगा, ते आनंदाने नेतील.

आणि एक विनंती. या वर्षी काहीच करू नका. येत्या पावसाळ्यात छत्री घेऊन या, भर पावसात जमिनीवर उभ्या राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे जातं ते बघा. जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही महिन्यांत बघा. गाडी कुठे उभी करायची ते पाणीच सांगेल.

कन्नमवारनगर
दादा, मनापासून आभार. राबाचं खरंच माहीत नव्हतं. सासरे असते तर त्यांनी सांगितलं असतं. पावसाळा बघून मगच काम, हे यजमानांना पटलंय. बांधवाल्यांच्या घरी गणपतीआधी जाऊन येऊ.

स्थापत्य_ठाणे
भातवाल्या दादांचं पाण्याबद्दलचं शब्दन्‌शब्द खरं आहे. मी स्थापत्य अभियंता आहे, कोकणात आणि घाटाखाली रस्त्यांची कामं केली आहेत. माझी भर.

जागा निवडताना भातखाचराजवळचा सपाट तुकडा मोह घालेल, पण तो घेऊ नका. तिथली माती पावसात फुगते, गाडी रुतते. वरकसचा मधला किंवा वरचा भाग घ्या, जिथे हातभर खोदल्यावर मुरूम लागतो. मात्र वरच्या बाजूला उभा डोंगर असेल तर थांबा. दरड कोसळून माळीण २०१४ मध्ये गाडलं गेलं, तळिये २०२१ मध्ये, आणि तुमच्या शेजारच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये. तुम्ही पावसाळ्यात राहणार नाही हे चांगलं आहे, पण गाडी तरी तिथे का ठेवायची? वरच्या उतारावर भेगा, वाकलेली झाडं, नव्याने फुटलेले झरे दिसले तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे चौकशी करा.

आता तळ. टेम्पो ट्रॅव्हलरवरचा कॅम्पर पाण्याच्या टाक्या, फर्निचर, माणसं धरून चार टनांच्या आसपास जातो. त्याला २० बाय ४० फुटांचा तळ पुरतो, पुढे बसायला जागाही राहते. वरची काळी माती सहा इंच काढून बाजूला रचा. ती फेकू नका, झाडांना लागेल. मोकळ्या झालेल्या जागेवर नऊ इंच दगडी सोलिंग (हाताने रचलेला दगडांचा थर), फटींत चुरी, वर चार इंच मुरूम, पाणी मारून रोलर. हिशेब असा: तळाचं सोलिंग ८०० चौरस फूट गुणिले पाऊण फूट, म्हणजे ६०० घनफूट, ६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). रस्ता १० फूट रुंद आणि २०० फूट लांब धरला तर १५०० घनफूट, १५ ब्रास. एकूण २१ ब्रास दगड. मुरूम दोन्हींचा मिळून, दाबल्यावर बसेल ते धरून, १२ ब्रास मागवा. गाडी आली की हौद्याचं माप टेपने घ्या, मगच रिकामी करू द्या. मुरुमाच्या प्रत्येक खेपेची वाहतूक पास मागून ठेवा. गौण खनिजाचा (मुरूम, दगड यांचा) दंड जमीनमालकाच्या गळ्यात येऊ शकतो.

तळाला आडवा ढाळ ५० ला १ द्या, म्हणजे २० फुटांत जवळपास पाच इंच. गाडी तिरकी वाटेल तेवढ्यापुरत्या फळ्या टायरखाली घाला.

चर: तळाच्या वरच्या अंगाला दोन फूट रुंद, दीड फूट खोल. पण भातवाला दादा म्हणतात तसं, त्या चराचं पाणी ओहोळात सोडून मोकळे होऊ नका. तळाला वळसा घालून ते खाली पुन्हा जुन्या वाटेलाच आणून सोडा. सोडतो तिथे दगडांचा गच्च थर, म्हणजे वेग मरतो, आणि त्याच्या अलीकडे गाळ बसायला एक खड्डा. दर पावसाळ्याआधी तो उपसायचा. रस्ता जिथे पाण्याची वाट ओलांडतो तिथे दीड फुटी ह्यूम पाइपची (सिमेंटच्या नळाची) मोरी. यावर पैसे वाचवू नका, हवं तर तळ लहान करा.

काम ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरात उरका. जमिनीत ओल असते, मुरूम दाबला जातो.

गोरेगाव_बिल्डर_नाही
एवढा खटाटोप कशाला? सरळ सिमेंट काँक्रीटचा स्लॅब टाका, वर पत्र्याची शेड. गाडीला ऊन लागणार नाही, पाऊस लागणार नाही.

सातबारा_वाचक
काँक्रीटचं जोतं आणि कायमची शेड म्हणजे बांधकामच. तलाठी पंचनामा करताना गाडी बघणार नाही, स्लॅब बघेल. सोलिंग-मुरूम उद्या उचलता येतो, ही त्याची खरी किंमत.

स्थापत्य_ठाणे
शिवाय काँक्रीटवर पडलेला सगळा पाऊस एकाच ठिकाणी उतरेल आणि खालच्याच्या डोक्यावर जाईल.

गॅरेज_पनवेल
गाडीबद्दल बोलतो. तयार कॅम्पर घेताना आरसीवर मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंद आहे का ते पाहा. त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. प्रवासी गाडी घेऊन आतून बदल करायचे आणि नोंद जुनीच ठेवायची, असं बरेच करतात. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

गॅसचं कपाट बाहेरून उघडणारं आणि तळाशी झरोका असलेलं हवं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. झरोका वरच्या बाजूला असेल तर त्याचा काही उपयोग नाही. रात्री दारं-खिडक्या बंद करून आत शेगडी पेटती ठेवायची नाही, कितीही थंडी असो.

पावसाळ्यात गाडी तिथे ठेवू नका. चार महिने बंद गाडीत बुरशी धरते, वायरी उंदीर खातात. विक्रोळीत जागा नसेल तर पनवेल-तळोजा भागात छपराखाली महिन्याने जागा मिळते. आणि झाडाखाली उभी करू नका, आंब्याखाली तर मुळीच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगडात किती झाडं पडली ते आम्ही बघितलंय. दुपारचं ऊन अडवायचं तर पश्चिमेला झाड असावं, पण त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर.

कन्नमवारनगर
आंबा पश्चिमेलाच आहे! अंतर मोजून घेते. ऐनाची दोन झाडं रस्त्यात येतायत, ती तोडता येतील का?

भातवाला_कर्जत
तोडू नका ताई. ऐन, साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली झाडं. स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. रस्ता वळवा. वळणाने वीसेक फूट वाढतील, झाड पन्नास वर्षांचं असेल.

नळदुरुस्ती_भांडुप
पाणी आणि शौचालय कुणीच काढलं नाही, म्हणून लिहिते.

दोन माणसांना कॅम्परमध्ये काटकसरीने दिवसाला ७०-८० लिटर पुरतं. हजार लिटरची टाकी म्हणजे बारा-तेरा दिवस. भरलेली टाकी एक टन वजनाची, तिला तळासारखंच सोलिंग हवं. तळाच्या वरच्या अंगाला ठेवली तर पंपाशिवाय गाडीत पाणी भरता येईल. गावातून पिकअपवर टाकी आणून भरणं सुरुवातीला सगळ्यात सोपं.

बोअरची घाई नको. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी मिळतं ते वरच्या कुजक्या थरात आणि खडकाच्या भेगांत. उतारावरच्या वरकसवर बोअर कोरडी जाण्याची शक्यता बरीच. आधी गावातल्या विहिरींना एप्रिल-मे महिन्यात किती पाणी राहतं ते विचारा.

शौचालय: कॅम्परमध्ये बहुधा कॅसेट शौचालय असतं, म्हणजे खालची मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करायची. त्यात निळं रसायन घालतात. ते रसायन शोषखड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत ओतलं तर तिथले जिवाणू मरतात आणि मैला कुजत नाही. म्हणून एकतर जैविक द्रव वापरा, किंवा सरळ दोन शोषखड्ड्यांचं साधं शौचालय करा: एक भरला की बंद, दुसरा चालू, बंद ठेवलेल्याचं वर्ष-दीड वर्षात खत. विहीर, झरा, ओहोळ यांपासून किमान १५ मीटर लांब, आणि खाचराच्या बाजूला नाही. खड्डा घेण्याआधी हातभर खोल भोक पाडून पाणी ओता. तासाभरात जिरलं तर ठीक. रात्रभर तसंच राहिलं तर खाली कातळ आहे, जागा बदला. या कामाला ग्रामपंचायतीत विचारून घ्या, ती माणसं मदतच करतात.

भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी केळी, कर्दळ, अळूच्या वाफ्यात सोडा. मध्ये एक गाळणीची बादली, तेलकटपणा तिथेच अडकतो.

सौर_मुलुंड
वीज. महावितरणचा खांब किती लांब आहे त्यावर खर्च ठरतो. तो कळेपर्यंत सौर.

तुमची गरज: डीसी फ्रिज ०.६ युनिट, दोन बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे) पंखे ०.६, दिवे-मोबाइल-लॅपटॉप-पंप ०.५. दिवसाला पावणेदोन युनिट धरा. ८०० वॅटची पॅनेल हिवाळ्यात अडीच युनिटच्या वर देतात. १२.८ व्होल्ट ३०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे ३.८ युनिट, दोन ढगाळ दिवस निघतात. पॅनेल गाडीच्या छतावर न लावता जमिनीवरच्या लोखंडी चौकटीवर, दक्षिणेकडे तोंड करून लावा. मग गाडी सावलीत राहू शकते.

एसीचा नाद सोडा. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास घेतो, ही बॅटरी चार तासांत संपेल. कर्जतला एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो, त्यामुळे ते दोन महिने दुपारी बाहेर सावलीत बसायची सोय बघा.

पुढे महावितरणची वीज घेतलीत तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग झाल्याशिवाय वायर गाडीला जोडायची नाही. गाडीचा सांगाडा लोखंडी आहे, गळती झाली तर दाराची मूठच झटका देईल. ऑक्टोबरात आणि मे अखेरीस वीज कडाडायला लागली की बाहेरची वायर काढून ठेवा आणि गाडीत बसा, झाडाखाली नको.

परिचारिका_परळ
ताई, माझी कळकळीची सूचना. सोलिंगच्या दगडांत, रचलेल्या फळ्यांत, गवतात नाग, मण्यार, घोणस, फुरसे चारही येतात. फुरसे लहान असतं, दिसत नाही. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश दुखत नाही, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. गाडीचं दार संध्याकाळनंतर बंद, पायात बूट, हातात विजेरी, अंथरूण झटकून झोपायचं. गाडीखाली काहीही साठवू नका.

दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं यातलं काहीही करू नका. दंश झालेला भाग हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सर्पदंशाची लस असलेलं रुग्णालय. ती लस कोणत्या रुग्णालयात कायम असते, ते राहायला जाण्याआधी स्वतः जाऊन विचारून या आणि रात्री तिथे पोचायचा रस्ता पाठ करा.

लाल विंचूही आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे मृत्यू कमी करून दाखवले, ते औषध साधं आणि स्वस्त आहे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर वाट बघत बसायचं नाही.

कन्नमवारनगर
सगळ्यांचे किती आभार मानू. यजमान एकेक उत्तर वाचून वहीत उतरवतायत. ठरलं ते असं: मोजणीचा अर्ज या आठवड्यात. दिरांशी बोलणं झालं, ते संमती द्यायला तयार आहेत. त्यांनाही चार दिवस येऊन राहायचंय. पावसाळाभर फक्त बघायचं. गाडी मोजणी आणि रस्ता झाल्याशिवाय घ्यायची नाही.

एकच शंका. शेती दिसली पाहिजे म्हणता, पण आम्ही नोव्हेंबर ते मे असणार. वरकसवर पाण्याशिवाय काय लावणार?

भातवाला_कर्जत
पावसाळ्यातच लावा ना ताई, तुम्ही तशाही बघायला येणार आहात. वरच्या पट्ट्यात नाचणी आणि वरी, तुमच्या सासऱ्यांचंच पीक. जूनमध्ये रोप टाकायचं, जुलैत लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी, म्हणजे कापणीला तुम्ही हजर असाल. बांधाला तूर. बी माझ्याकडून घेऊन जा. लावणीला चार बायका गावातून मिळतील, मजुरी चोख आणि दुपारचं जेवण द्या. सातबाऱ्यावर पीक पेरा लागावा म्हणून ई-पीक पाहणी (सरकारी अ‍ॅपवर पिकाची नोंद) मोबाइलवरून स्वतः करा, ती मुदतीत करायची असते.

शहापूरची_लेक
धागा वाचतेय, आमचीही अशीच जमीन आहे पण अलिबाग तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. तिथेही हेच सगळं लागू?

सातबारा_वाचक
तिथे आधी सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकाम-वापराचे नियम. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो आणि तुमची जमीन त्यात असण्याचीच शक्यता जास्त. किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर तुमचा गट क्रमांक कोणत्या वर्गात आहे ते पाहा आणि वेगळा धागा काढा, गट क्रमांक मात्र इथे उघड लिहू नका.

गॅरेज_पनवेल
आणि खारी हवा आहे, तेव्हा गाडीच्या खालच्या बाजूला दरवर्षी पावसाआधी गंजरोधक मारून घ्यावं लागेल. धागा काढलात की लिहितो.